थोरल्याच्या मापाचा झगा

५ जुलै

आलं ते: पांढरं सुती कापड सहा मीटर, पांढऱ्या दोऱ्याची रिळं चार, गळपट्टीसाठी जाड अस्तर एक मीटर, बटणं अठरा. त्यातलं एक फुटकं. दुकानदार म्हणाला, वाटेत फुटलं असेल. बटण वाटेत फुटत नाही. बिल सातशे चाळीस. फुटक्या बटणाचे दहा कापून सातशे तीस दिले.

थोरल्याचा झगा घरीच शिवायचा. तयार दुप्पट पडतो आणि आत शिवण कुठली असते ते देव जाणे. पाळक व्हायला त्याला अजून चार वर्षं आहेत, हे खरं. पण थिऑलॉजीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या वर्षाच्या शेवटी घरच्या मंडळीत, म्हणजे आपल्या गावच्या चर्चमध्ये, उपदेश द्यावा लागतो. बारा मिनिटं, झगा घालून. चर्चचे वडील, म्हणजे पंच, शेवटच्या बाकावर बसून गुण देतात. त्या दिवशी माझा मुलगा भाड्याच्या झग्यात उभा राहणार नाही.

दोन महिन्यांचा असताना त्याच्या छातीत कफ भरला होता. डॉक्टरांनी हात टेकले. मी देवाला शब्द दिला, हा वाचला तर तुझा. वाचला. आता व्यवहार म्हणजे व्यवहार.

धाकटीलाही त्याच युनिव्हर्सिटीत घातलं आहे, कॉमर्सला. पुढे नोकरी लागेल. शिवाय भावावर नजर राहील. आठवड्याला एक पत्र टाकायचं असं तिला बजावलं आहे. फोनवर पैसे जातात आणि आवाजात माणूस काहीही लपवतो.

हे संशय म्हणून नव्हे. मी संशयी नाही. एवढी मोठी युनिव्हर्सिटी, आपल्याला माहिती असलेली बरी.

१४ जुलै

धाकटीचं पत्र. दादा बरा आहे, जेवतो. त्याच्याबद्दल एवढीच ओळ. बाकी दोन पानं थिऑलॉजीचा वर्ग. म्हणे तिथे जाऊन बसते, सरांनी हरकत घेतली नाही. बायबलात एकच गोष्ट चौघांनी चार तऱ्हांनी का सांगितली यावर वर्गात तासभर वाद झाला आणि त्या रात्री हिला झोप आली नाही.

पोर नजर ठेवायची म्हणून थेट भावाच्या वर्गात जाऊन बसते. एवढी कर्तव्याला जागणारी निघेल असं वाटलं नव्हतं.

यांना वाचून दाखवलं. हे घड्याळं दुरुस्त करतात, पुढच्या खोलीतच दुकान आहे. डोळ्याचं भिंग न काढता म्हणाले, कुंपणच शेत खाणार बघ. मी म्हटलं, काय ते भिंग काढून बोला. भिंग काढलं, पुसलं आणि पुन्हा लावलं.

२ ऑगस्ट

थोरल्याचं पत्र. मेसच्या बिलात घोळ होता म्हणे. सुट्टीच्या दिवसांचंही जेवण लावत होते. याने दोन महिन्यांची बिलं मांडून मॅनेजरला चूक दाखवली, सगळ्या हॉस्टेलला पैसे परत. मुलं याला ऑडिटर म्हणतात.

पत्रात देवाबद्दल अवाक्षर नाही. आतल्या आत मुरवत असणार. उथळ पाण्याला खळखळाट फार.

एक खटकलं. कागदाला वास येतो. तंबाखू? यांना हुंगायला दिलं. म्हणाले, घड्याळाचं तेल आहे, माझ्या बोटांचं. म्हणजे पत्र यांनी माझ्याआधी वाचलं. का?

निश्चय: पोस्टमनला यापुढे मी दारात गाठायचं.

२५ ऑगस्ट, रविवार

उपासनेनंतर पाळकसाहेब मुद्दाम थांबले. म्हणाले, धाकटीचं कानावर आलं, फार आनंद झाला. तुमची संमती आहे ना?

मी काही दाखवलं नाही. पण स्थळ आलं आणि आईला पत्ता नाही? म्हटलं, तिचं वय काय, आणि आधी थोरल्याचं मार्गी लागू दे. म्हणाले, अहो, देव काही थोरला-धाकटा क्रम पाहत नाही. म्हटलं, मी पाहते.

हसले. म्हणाले, सवडीने बोलू. सवडीने कशाला? मुलगा कोण ते एका वाक्यात सांगता येतं.

यांना विचारलं. म्हणाले, मुलगाबिलगा काही नाही, पाळकसाहेब अभ्यासाचं म्हणत असतील. कॉमर्सच्या अभ्यासाचा पाळकांना आनंद? मला काय दूधखुळी समजतात.

१२ सप्टेंबर

युनिव्हर्सिटीत जाऊन आले. न कळवता. कळवून गेलं की माणसं सावध होतात. हातात लाडवांचा डबा, सबब म्हणून.

थिऑलॉजीची इमारत बुटकी आणि खिडक्या उंचावर. एक कुंडी पालथी घातली आणि तिच्यावर उभी राहिले. आत पंधराएक मुलं, तीन मुली. धाकटी पहिल्या बाकावर. सरांना उलट प्रश्न विचारत होती आणि सर उत्तर शोधत होते. थोरला कुठेच नाही. मागच्या बाकावर नाही, कोपऱ्यात नाही.

माळी आला. म्हणाला, बाई, कुंडी. उतरले.

तास सुटल्यावर धाकटीला गाठलं. मला पाहून पांढरीफटक. दादा कुठे? म्हणाली, पलीकडच्या इमारतीत आहे. आई, आपण कॅन्टीनमध्ये बसू, तुला सगळं सांगते. म्हटलं, कॅन्टीनचा चहा मला परवडत नाही आणि परतीची बस तीनला आहे.

पलीकडची इमारत कॉमर्सची. एका खोलीत थोरला फळ्यासमोर उभा, हातात खडू. मधोमध रेघ, डावीकडे आकडे, उजवीकडे आकडे. समोर मुलं माना डोलावत होती. त्याच्या चेहऱ्यावर असं तेज मी चर्चमध्ये कधी पाहिलं नाही. आत गेले नाही. दारातच डोळे भरून आले. मुलगा पैशाच्या मागे लागलेल्या पोरांमध्ये जाऊन सेवा करतो आहे, तीही पहिल्याच वर्षी. शेवटच्या न्यायाच्या दिवशी देव मेंढरं उजवीकडे आणि शेरडं डावीकडे करणार, तेच समजावत असणार. आकडे वचनांचे.

जाताना हॉस्टेलच्या वॉर्डनबाई भेटल्या. म्हणाल्या, तुमची मुलगी थिऑलॉजीत पहिली येणार, लिहून घ्या. म्हटलं, तिला मी त्यासाठी पाठवलेलं नाही. मग म्हणाल्या, पहिला नंबर कुणाला नको असतो? या बाईंवर लक्ष ठेवायला हवं.

लाडू डब्यासकट परत आणले. घाईत द्यायचे राहिले. वाया गेले नाहीत.

१९ ऑक्टोबर

दोघं सुट्टीवर आली. थोरल्याचं अंग भरलं आहे. झग्याला कंबरेत दोन बोटं सैल ठेवायला हवं.

संध्याकाळच्या प्रार्थनेला थोरल्याला पुढे केलं. दीड मिनिटात आटोपली. मुद्द्याचं बोलतो. मग धाकटीने केली. बरीच लांबली. रस्त्याकडेच्या भाजीवालीपासून यांच्या गुडघ्यापर्यंत सगळ्यांसाठी मागितलं, आणि शेवटी म्हणाली, आईला धीर दे. मला कशाला धीर? यांच्या डोळ्यांना पाणी. दिवसभर भिंग लावलं की येतं.

थोरला तेवढ्यात डोळे मिटून ध्यानात गेला होता. घोरत होता ते सर्दीमुळे.

२१ ऑक्टोबर

थोरल्याने माझी हिशेबाची वही मागून घेतली. दिवसभर वही आणि तो. चार वाजता, आई, सापडलं, म्हणून असा ओरडला की शेजारीण हातातली कणीक घेऊन धावत आली. मागच्या फेब्रुवारीत रॉकेलचे पैसे मी दोनदा मांडले होते.

हरवलेलं मेंढरू खांद्यावर घेऊन येणाऱ्या मेंढपाळाला होतो तसला आनंद. ही पाळकाचीच लक्षणं आहेत. शेजारणीला तसं सांगितलं. ती म्हणाली, मला तर बँकेची वाटतात. तिला काय कळतंय.

२३ ऑक्टोबर

धाकटीचं लक्षण ठीक नाही. मागच्या अंगणात वाळत घातलेल्या चादरींसमोर एकटीच उभी होती. हात पसरून म्हणाली, माझ्या प्रियांनो.

अनेकवचन. एक असता तर समजूत घातली असती.

पुढे होऊन विचारलं, कोण? दचकली. म्हणाली, कोणी नाही गं, चादरीच आहेत. चादरींना प्रिय म्हणायला मी हिला शिकवलेलं नाही. मी चादरी उचलून पलीकडे पाहिलं. मांजर होतं.

२६ ऑक्टोबर

आज निघाली. निघण्याआधी दोघं माझ्यासमोर येऊन बसली, जशी लहानपणी काच फुटल्यावर बसायची. थोरला म्हणाला, आई, रागावणार नसलीस तर एक सांगायचं होतं. म्हटलं, पैसे मागणार असशील तर रागावणार. म्हणाला, पैसे नकोत. म्हटलं, मग रागावायचं कशाला, उठा, बस जाईल.

धाकटी म्हणाली, आई, दोन मिनिटं. म्हटलं, तुझं मला माहीत आहे, पाळकसाहेबांनी सांगितलं, आणि माझं उत्तर आत्ता नाही असं आहे. ती एकदम उठून आत गेली. तोंड धुऊन आली. डोळे लाल.

यांनी बॅगा उचलल्या. पायऱ्या उतरताना मला म्हणाले, एकदा ऐकून तरी घे. ऐकून घ्यायला मी काय बहिरी आहे? माणसांनी धड बोलावं.

९ नोव्हेंबर

धाकटीच्या पत्रात एक चिठ्ठी. झग्याची नवी मापं. लिहिते, आई, कापड बेतण्याआधी कृपा करून ही घे, बाकीचं भेटीत सांगेन.

उंची सहा इंच कमी. खांदे तीन इंच कमी. बाही चार. छातीला चिमट्या.

आधी वाटलं, मेसवाल्याने सूड घेतला आणि पोराला उपाशी ठेवलं. पण उपाशी माणसाची उंची जात नाही. आणि चिमट्या? शिवणकाम करणारीला सांगावं लागत नाही. मापं बाईमाणसाची आहेत.

म्हणजे थोरल्याच्या आयुष्यात मुलगी आहे. आणि तिचा डोळा माझ्या झग्यावर आहे. सहा मीटर कापड, घरची शिवण, फुकटात. धाकटीला हाताशी धरून चिठ्ठी पाठवली.

मापं पुन्हा पाहिली. उंची धाकटीएवढी. खांदे धाकटीएवढे. म्हणजे मुलगी धाकटीच्याच चणीची आहे. शोधायला सोपं जाईल.

चिठ्ठी चुलीत घातली. कापड थोरल्याच्या मापाने बेतलं, दोन बोटं सैल धरून.

१८ जानेवारी

झगा शिवून झाला. पायघोळ. बटणं सतरा आणि एक जुन्या अभ्र्याचं, ते काखेत येतं, दिसत नाही. यांच्या अंगाला लावून पाहिला. हे आरशात बघत म्हणाले, तू धाकटीची मापं का घेतली नाहीस? म्हटलं, धाकटीच्या मापाने थोरल्याला झगा होईल का? यांनी तोंड उघडलं, मिटलं. गेल्या सहा महिन्यांत या माणसाने अर्धवट सोडलेली वाक्यं जोडली तर एक उपदेश होईल.

२५ जानेवारी

महिला मंडळात झगा दाखवायला नेला. सगळ्यांनी शिवण पाहिली. ऑर्गन वाजवणारी म्हणाली, बाई, हा तिला मोठा होईल. म्हटलं, तिला? तिला कशाला? ती पाळकीणबाईंकडे बघायला लागली. पाळकीणबाई म्हणाल्या, आता बायकाही उपदेश देतात हो. म्हटलं, देत असतील कुठे, आपल्यात बायका वेदीवरची फुलं बघतात. म्हणाल्या, ठराव होऊन चार वर्षं झाली, तुम्ही सभेला होतात.

होते. चहाच्या कपबशा मोजत होते. दोन कमी भरल्या होत्या. तो ठराव नेमका तेव्हाच झाला असणार.

एकूण काय, त्या मुलीचं जाळं मंडळापर्यंत पोचलं आहे. थिऑलॉजीतलीच दिसते. थोरल्याच्या जागी स्वतः उभी राहण्याचा बेत असेल. मी पहिल्या बाकावर बसणार. बघतेच.

६ फेब्रुवारी

धाकटीचं पत्र, चारच ओळी. आई, सोळा तारखेला तू यायलाच हवंस. तू नसलीस तर मला जमणार नाही. आणि आलीस तरी जमेल का माहीत नाही. रागावलीस तरी चालेल, पण उठून जाऊ नकोस.

हिला काय जमायचं आहे? परीक्षा भावाची. भावावर माया आहे, दुसरं काय.

१६ फेब्रुवारी, रविवार, सकाळी

दोघं काल पोचली, पण थेट पाळकसाहेबांकडे उतरली. परीक्षेआधी घरी राहायचं नाही असा नियम आहे, असं हे म्हणतात. असला नियम मी ऐकलेला नाही.

झगा इस्त्री करून पाळकसाहेबांच्या खोलीत नेऊन दिला. तिथे खुंटीवर आधीच एक झगा टांगलेला होता, भाड्याचा, आखूड. ती मुलगी आली आहे तर. तिचा झगा उचलून कपाटामागे टाकला आणि आपला खुंटीवर लावला.

मन शांत. वीस वर्षांपूर्वीचा शब्द आज पुरा होणार.

त्याच दिवशी, संध्याकाळी

क्रमाने लिहायचं म्हणून लिहिते.

पहिल्या बाकावर बसले. ऑर्गन सुरू झाला. बाजूच्या दाराने थोरला आला, साध्या शर्टात, आणि माझ्या शेजारी येऊन बसला. म्हटलं, अरे, इथे काय करतोस, आत जा, वेळ झाली. म्हणाला, आई, आता बस. म्हटलं, झगा खुंटीवर आहे. म्हणाला, माहीत आहे. आणि माझा हात धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचा तसा. पण रस्ता मी ओलांडत होते.

आतलं दार उघडलं. झगा आला. झग्यात धाकटी.

बाह्यांतून बोटंसुद्धा दिसत नव्हती. खांद्याची शिवण कोपरापर्यंत उतरलेली. पायऱ्या चढताना तिने झग्याचा घोळ मुठीत धरला, तरी एक पाय अडकला आणि मागच्या बाकावर कुणी तरी हसलं. मी वळून पाहिलं. पुन्हा कुणी हसलं नाही.

वर उभी राहिली. बाह्या दुमडल्या. एक घडी, दुसरी घडी. सगळे वाट पाहत होते. मग म्हणाली, माझ्या प्रियांनो.

पहाटे कबरीकडे गेलेल्या बायकांवर बोलली. कबर रिकामी असल्याची बातमी आधी त्यांनाच कळली, धावत आल्या, सांगितलं, आणि घरच्यांना ती बायकांची बडबड वाटली. म्हणाली, ऐकणारे वाईट नव्हते. त्यांचं त्यांच्या माणसांवर प्रेम होतं. फक्त बातमी त्यांनी ठरवलेल्या तोंडून आली नाही.

हे म्हणताना माझ्याकडे पाहिलं नाही. पाहायला हवं होतं. मी उठून गेले नव्हते.

थोरला कानात कुजबुजत होता. पहिल्याच महिन्यात अदलाबदल करून घेतली. तिला कॉमर्स नको होतं, मला पाळक व्हायचं नव्हतं. बाबांनी सह्या केल्या. तुला सहा वेळा सांगायला गेलो. म्हटलं, गप्प बस, उपदेश चालू आहे.

बारा मिनिटांनी यांनी खिशातलं घड्याळ मिटलं. बरोबर बारा.

बाहेर आल्यावर धाकटी समोर उभी राहिली, झगा तसाच अंगावर. म्हटलं, भाड्याचा झगा कपाटामागे होता, शोधायचास. म्हणाली, सापडला होता गं. पण हा तू शिवला होतास.

मी तिला म्हटलं, घोळ उचल, मळतो आहे.

१७ फेब्रुवारी

दोघं सकाळच्या बसने गेली.

चर्चच्या वडिलांनी दिलेले गुण कळले. मांडणी उत्तम. आवाज उत्तम. पोशाख दहापैकी दोन. शेरा, माप अयोग्य. त्या दोन गुणांमुळे पहिला नंबर एका गुणाने हुकेल असं पाळकसाहेब म्हणाले, पण पुढच्या महिन्यात कॉलेजच्या चॅपलमध्ये दुसरा उपदेश आहे, तिथे भरून काढता येईल. मी विचारलं, पोशाखाला तिथेही गुण आहेत का. म्हणाले, आहेत.

हे म्हणाले, तुला धक्का बसला असेल. कसला धक्का? मापं पाहिली तेव्हाच मी लिहून ठेवलं होतं, उंची धाकटीएवढी, खांदे धाकटीएवढे. वही काढून दाखवली. हे बराच वेळ वाचत बसले.

देवाला दिलेल्या शब्दाचा प्रश्न होता. पावती थोरल्याच्या नावाची, माल दुसराच पोचला. दिवसभर विचार केला. त्याने माल परत पाठवलेला नाही. मग मी कोण हरकत घेणारी.

झगा संध्याकाळी उसवायला घेतला. पक्की शिवण घातली होती, उसवताना बोटं दुखली. अभ्र्याचं बटण काढून टाकलं. उद्या नवं आणायचं, अखंड.

धाकटीला टाकायचं पत्र आधी इथे लिहून पाहते, पोस्टकार्डावर खाडाखोड नको:

चि. धाकटीस, झगा उसवला आहे. छातीला चिमट्या घालते. तू मागे पाठवलेला मापांचा कागद घरात सापडत नाही, बाबांनी कुठे तरी टाकला असेल. काल तू माझ्यासमोर उभी होतीस तेव्हाच टेप लावायची, पण राहून गेलं. उपदेश बरा झाला. घरच्यांबद्दल जे बोललीस ते कुणाला उद्देशून होतं ते मी विचारत नाही. दादाच्या मागच्या पत्राला अत्तराचा वास होता, आणि तो घड्याळाच्या तेलाचा नाही, तरी जमेल तेव्हा त्याच्या वर्गात जाऊन बस. संमतीचं पाळकसाहेबांना मी सांगितलं आहे. उंची, खांदा, बाही, छाती नीट मोजून घे, टेप ढिली धरू नकोस, आणि मापं उलट टपाली कळव.